कोलकात्याच्या जुन्या दफनभूमी पायी बघताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

हिवाळा आला की मला ठरावीक फोन येतात. "पार्क स्ट्रीट मेट्रोला उतरलो, पण सिमेट्री सापडलीच नाही." "सापडली, पण गेट लावत होते." "आत गेलो, दीडशे फोटो काढले, पण खरं सांगू का, काही कळलं नाही." शेवटची तक्रार सगळ्यात जास्त वेळा ऐकतो. तिचा दोष दफनभूमीकडे जात नाही, घाईकडे जातो.

म्हणून ही सहल कशी करायची ते ओळीने लिहून काढतोय. नागपूरहून ओळखीच्या मंडळींचे छोटे गट मी घेऊन जातो, आणि खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आधी स्वतः केलेल्या आहेत.

सुरुवातीलाच एक हिशेब ठरवून टाका: एका दिवसात दोनच दफनभूमी, आणि साउथ पार्क स्ट्रीटच्या इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत दहाच थडगी. तिथे सुमारे १,६०० थडगी आहेत. सगळी बघायला जाल तर एकही बघून होणार नाही.

## १. दिवस आणि वेळ आधी ठरवा, तिकीट नंतर काढा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य, एवढाच काळ चांगला. पावसाळ्यात विटांवर आणि फरसबंदीवर शेवाळ धरतं, गवत गुडघ्यापर्यंत येतं आणि डास उभं राहू देत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात हवेतला दमटपणा इतका असतो, की अर्ध्या तासात गटाचं लक्ष थडग्यावरून पाण्याच्या बाटलीवर जातं.

आता घड्याळाची गोष्ट. महाराष्ट्रातली माणसं इथेच फसतात. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, नागपुरात साडेपाचला. कोलकात्यात पाचच्या आत मावळतो. "चारला जाऊ, ऊन उतरलेलं असेल" हा आपला हिशेब तिकडे लागू पडत नाही. चारला तिथे संध्याकाळ झालेली असते आणि उंच झाडांखाली तर काळोखच.

पहिल्या वेळी आम्ही गीतांजलीने दुपारी हावड्याला उतरलो, हॉटेलात सामान टाकलं, जेवलो आणि तडक निघालो. पोचलो तेव्हा रखवालदार हातात किल्ल्या खेळवत होता. विल्यम जोन्सचं थडगं आम्ही मोबाइलच्या उजेडात पाहिलं, म्हणजे त्याचा खालचा चार फुटांचा भाग पाहिला. आमच्यातल्या एका काकांनी बाहेर आल्यावर विचारलं, "हा जोन्स कोण?" त्या दिवसापासून प्रवासाच्या दिवशी दफनभूमी नाही, असा नियमच केलाय.

सकाळी दहाच्या आसपास आत शिरायचं, साडेबारापर्यंत बाहेर. जेवण. दोन वाजता दुसरी दफनभूमी, साडेतीनला संपवायचं. हिवाळ्यातलं तिरपं ऊन अक्षरं वाचायला सगळ्यात चांगलं.

टाळायचा दिवस: २ नोव्हेंबर. ख्रिस्ती समाजाचा तो मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस असतो. वापरात असलेल्या दफनभूमीत त्या दिवशी घरची माणसं येतात, कबरी धुतात, फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. त्यांच्या मधे गाइड आणि बारा जणांचा घोळका घेऊन उभं राहू नका.

तपासा: उघडण्या-बंद होण्याच्या वेळा, प्रवेशशुल्क आणि कॅमेऱ्याचा नियम आदल्या दिवशी फोन करून विचारा. या गोष्टी बदलत राहतात आणि जुन्या लेखांतले आकडे वाचून गेलेला माणूस गेटवर वाद घालत बसतो.

## २. गाइड निवडा, पण आधी तीन प्रश्न विचारा

एकट्याने गेलात तर साउथ पार्क स्ट्रीटमध्ये वाट चुकणार नाही, पण गोष्ट चुकेल. गाइड हवाच. मात्र "सिमेट्री वॉक" या एकाच नावाखाली दोन वेगळे प्रकार विकले जातात. एकात थडगी वाचली जातात, दुसऱ्यात भुताच्या गोष्टी सांगितल्या जातात. आम्ही एकदा न विचारता पैसे भरले आणि दोन तास पांढऱ्या साडीतल्या बाईबद्दल ऐकत हिंडलो. एकाही थडग्यावरचं नाव त्या माणसाने वाचून दाखवलं नाही.

त्यामुळे पैसे भरण्याआधी फोनवर हे विचारा.

पहिला प्रश्न: "चार्ल्स डिकन्सचा मुलगा इथेच पुरलेला आहे ना?" बरोबर उत्तर असं: त्याचा दगड इथे आहे, तो इथे नाही. वॉल्टर लँडर डिकन्स ३१ डिसेंबर १८६३ रोजी कोलकात्यात वारला आणि भवानीपूरच्या लष्करी दफनभूमीत पुरला गेला. त्याची शिळा १९८७मध्ये साउथ पार्क स्ट्रीटला आणून ठेवली. "हो हो, इथेच आहे" म्हणणारा गाइड वाईट असतो असं नाही, पण त्याने पाठ केलेलं आहे, वाचलेलं नाही.

दुसरा: "रोझ आयल्मर कशाने गेली?" वीस वर्षांची ही मुलगी १८००मध्ये वारली. अननस खाऊन मेली, ही गोष्ट कोलकात्यात सगळे सांगतात. ती विल्यम हिकी या तिच्या काळातल्या वकिलाच्या आठवणींतून आलेली आहे. पोटाच्या विकाराने गेली आणि हिकीने त्याचा दोष अननसावर टाकला, एवढं जो वेगळं करून सांगतो तो गाइड घ्यावा.

तिसरा: "किती थडगी दाखवाल?" उत्तर "सगळी महत्त्वाची" असं आलं तर सावध व्हा. उत्तर "तुम्हाला कशात रस आहे?" असं आलं तर लगेच ठरवून टाका.

व्यवहाराचं: प्रवेशशुल्क धरून आहे की वेगळं, गाइड किती वेळ देणार, आणि दुसऱ्या दफनभूमीपर्यंत सोबत येणार की पहिल्याच गेटवर निरोप घेणार, हे तिन्ही आधी बोलून घ्या. गट दहा-बारांच्या वर नको. थडग्यांमधल्या पायवाटा अरुंद आहेत, मागच्या चार जणांना काही ऐकू येत नाही आणि मग ते आपापल्या गप्पा सुरू करतात.

गाइड बंगाली, हिंदी किंवा इंग्रजीत बोलेल. गटात आजी-आजोबा असतील तर एकाने मराठीत सांगायचं काम घ्यावं. अशा वेळी तासाचे दीड तास होतात, ते आधीच धरून चाला.

## ३. आदल्या रात्रीची तयारी

पिशवीत काय हवं: पायघोळ कपडे आणि पूर्ण बंद बूट, डासांचं मलम, माणशी एक लिटर पाणी, छोटी टॉर्च, वही-पेन्सिल. टॉर्च दिवसाही लागते. का, ते सहाव्या टप्प्यात येतं. मोबाइलची टॉर्च चालेल, पण मग त्याच मोबाइलने फोटो काढता येत नाही.

काय नको: खडू, पीठ, दाढीचा फेस, ब्रश. पुसट अक्षरं दिसावीत म्हणून दगडावर पीठ चोळायचं, असं कुठेतरी वाचून काही जण तयारीने येतात. असलं काही करू नका. दोनशे वर्षांचा संगमरवर मऊ झालेला असतो. चोळलं की अक्षराची कड जाते, आणि पीठ भेगांत बसून बुरशी धरतं.

एक तयारी घरच्यांशी बोलण्याची. आपल्याकडे दफनभूमी म्हटलं की कोणाच्या तरी कपाळावर आठी येतेच. कोणाला अमावास्या नको असते, कोणाला परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवायचं नसतं. गेटवर पोचल्यावर "मी नाही येत आत" असं झालं तर सगळ्या गटाचा खोळंबा होतो. हे आधी विचारा आणि थट्टा न करता सोय करा. आमच्या एक मावशी बाहेर आल्यावर पायांवर पाणी घेतात, म्हणून मी एक बाटली जास्तीची ठेवतो. दोन मिनिटांचं काम असतं.

याच्या उलट चूकही होते. आपण समाधीपुढे चपला काढतो, त्या सवयीने इथेही काढायला जातात. काढू नका. गवतात काटे, विटांचे तुकडे, कधी काच असते. आदर दाखवायचा तर आवाज खाली ठेवा. थडग्यावर हळद-कुंकू, नाणी, हार काही ठेवू नका.

वाचून जा, पण थोडंच. सहा नावं, प्रत्येकी दोन ओळी, बस. ती नावं पाचव्या टप्प्यात दिलेली आहेत.

## ४. गेटपर्यंत पोचणं

पार्क स्ट्रीट मेट्रो स्टेशन रस्त्याच्या पश्चिम टोकाला आहे, चौरंगीवर. दफनभूमी पूर्व टोकाला. मधे दीड-दोन किलोमीटर अंतर आहे. हे माहीत नसलेली मंडळी स्टेशनबाहेर येऊन डावी-उजवीकडे बघत राहतात.

टॅक्सी किंवा अॅपवरची गाडी करणार असाल तर "मल्लिक बाजार मोड" सांगा. पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड जिथे मिळतात तो चौक. पार्क स्ट्रीटचं आताचं नाव मदर तेरेसा सरणी आणि बोस रोडचं जुनं नाव लोअर सर्क्युलर रोड. नकाशावर नवी नावं दिसतील, लोकांच्या तोंडी जुनी ऐकाल. दोन्ही लिहून ठेवा.

पण चालता येत असेल तर मेट्रोनेच या आणि पार्क स्ट्रीट पायी करा. स्टेशनजवळच, रस्त्याच्या सुरुवातीला, एशियाटिक सोसायटी आहे. १७८४मध्ये विल्यम जोन्सने ती सुरू केली. बाहेर उभं राहून गटाला एवढंच सांगा, "या माणसाला आपण दुपारी भेटणार आहोत." मग नाश्ता करा, स्वच्छतागृह वापरून घ्या आणि पुढे निघा. आत सोय मिळेल या भरवशावर राहू नका. हा रस्ता एके काळी बरिअल ग्राउंड रोड म्हणूनच ओळखला जायचा. प्रेतयात्रा ज्या वाटेने जायच्या त्याच वाटेने आपण केकची दुकानं बघत चाललोय, हे एकदा मनात आलं की पुढचे दोन तास वेगळे जातात.

गेटवर: रखवालदाराला "दादा" म्हणा. मराठीत आणि बंगालीत एकच शब्द, एकच मान. वहीत नाव लिहायला सांगतील, शुल्क असेल ते द्या, कॅमेऱ्याचं विचारा. पुस्तिका विकत मिळाली तर घ्या. रखवालदार स्वतः काही दाखवायला पुढे आला तर गाइडदेखत त्याला नाही म्हणू नका. शेवटी त्याच्याकडून पाच मिनिटं ऐका आणि त्याचे पैसे त्याला द्या. कोणत्या थडग्याचा गिलावा गेल्या पावसात पडला, हे त्यालाच माहीत असतं.

## ५. साउथ पार्क स्ट्रीट: आतला क्रम

ही दफनभूमी १७६७ची. आत शिरलं की सगळ्यांचे पाय आपोआप सगळ्यात उंच स्तंभाकडे वळतात. तो जोन्सचा. तिथे आधी जाऊ नका. सर्वांत मोठं थडगं आधी बघितलं की बाकीची खुजी वाटतात आणि अर्ध्या तासात "झालं ना?" सुरू होतं.

पहिली दहा मिनिटं काहीच वाचायचं नाही. मुख्य वाटेने एकदा टोकापर्यंत चाला. गाइडलाही गप्प राहायला सांगा. फक्त आकार बघा: टोकदार स्तंभ, पिरॅमिड, घुमट, खांबांचे मंडप. दुरून दगडी वाटतात. जवळ गेलात की कळतं, बहुतेक विटांचे आहेत, वरून चुन्याचा गिलावा. जिथे गिलावा सुटलाय तिथे बारीक, चपट्या विटा दिसतात. नाव फक्त मधे बसवलेल्या शिळेवर असतं. ती शिळा निखळून गेली की उरतो एक रिकामा कोनाडा आणि अनाम पिरॅमिड. असे बरेच दिसतील.

सावध: टेकू नका, पायऱ्यांवर चढून फोटो काढू नका. हाताला लागलेली पांढरी भुकटी म्हणजे त्या थडग्याचा गिलावा असतो.

आता थडगी. सात ठरलेली, तीन तुमची.

*पहिलं* एखादं अप्रसिद्ध कुटुंब. गाइडला सांगा, ज्याची अक्षरं स्वच्छ आहेत आणि ज्यावर लहान मूल आहे असं कोणतंही दाखव. शोधावं लागत नाही. वय वर्षं, महिने आणि दिवस मोजून लिहिलेलं असतं. गटातल्या एकाने ते मोठ्याने वाचावं. दिवसांपर्यंत मोजणारी आई-बापं कळली की मग मोठ्या नावांकडे जायला हरकत नाही.

*दुसरं* रॉबर्ट किड. गंगेपलीकडे शिबपूरला जी वनस्पती-बाग आहे, वडाच्या अवाढव्य झाडामुळे सगळ्यांना माहीत असलेली, ती १७८७मध्ये याने सुरू केली. मृत्यू १७९३. बाग आदल्या दिवशी बघून झाली असेल तर इथे फार बोलावं लागत नाही.

*तिसरं* चार्ल्स स्टुअर्ट, मृत्यू १८२८. लोक त्याला "हिंदू स्टुअर्ट" म्हणायचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला हा मेजर-जनरल रोज गंगेवर स्नानाला जायचा. त्याचं थडगं देवळाच्या धाटणीचं आहे, कोरीव चौकट आणि वर शिखर. चारही बाजूंनी फिरून बघा. आपल्या माणसांना इथे पटकन ओळखीचं वाटतं आणि पटकन गोंधळही होतो. दोन्ही होऊ द्या.

*चौथं आणि पाचवं* एकामागोमाग एकच बघा: रोझ आयल्मर आणि वॉल्टर डिकन्सची शिळा. रोझचं थडगं पीळ घातल्यासारखं वर निमुळतं होत जातं, लांबूनच ओळखू येतं. ती गेल्यावर तिच्यावर इंग्रज कवी वॉल्टर सॅव्हेज लँडरने कविता लिहिली. त्या ओळी थडग्यावर आहेत. पुढे डिकन्सने आपल्या मुलाला याच लँडरचं नाव दिलं, वॉल्टर लँडर. तो मुलगा बावीस वर्षांचा असताना याच शहरात मेला, आणि सव्वाशे वर्षांनी त्याची शिळा फिरत फिरत त्या मुलीच्या दफनभूमीत आली. मधे दुसरं काही घेतलंत तर हा धागा तुटतो. बहुतेक गाइड तोडतात, कारण दोन्ही जागा शेजारी नाहीत. आग्रह धरा.

*सहावं* डेरोझिओ. १८०९ ते १८३१, म्हणजे बावीस वर्षं. हिंदू कॉलेजातला शिक्षक, विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला शिकवल्यामुळे नोकरी गेली आणि त्याच वर्षी पटकीने गेला. गटात शिक्षक असतील तर इथे दहा मिनिटं जास्त धरा.

मग तीन थडगी प्रत्येकाने आपली निवडायची. पंधरा मिनिटं द्या, वही-पेन्सिल द्या, एकेकट्याने जायचं. सगळ्या सहलीत हा भाग सगळ्यात चांगला होतो आणि गाइडला सगळ्यात कमी आवडतो.

*शेवटी* जोन्स. मृत्यू १७९४, वय ४७. शाकुंतलाचं इंग्रजी भाषांतर करणारा, संस्कृत आणि ग्रीक-लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडणारा न्यायाधीश. सकाळी एशियाटिक सोसायटीपुढे दिलेली ओळख आता पुरी होते. स्तंभाच्या तळाशी उभं राहून मान वर करा, एवढंच. फोटोत तो मावत नाही. मागे जायला जागा नाही.

## ६. शिळा वाचायची कशी

तिरपा उजेड ही सगळी युक्ती. समोरून टॉर्च मारली तर दगड नुसता पांढरा चमकतो. टॉर्च शिळेच्या कडेला, दगडाला जवळजवळ चिकटवून आडवी धरा. कोरलेल्या प्रत्येक रेघेची एक बाजू उजळते, दुसरी काळी पडते आणि जिथे काहीच नव्हतं तिथे नाव उभं राहतं. हात वर-खाली हलवत ओळीओळीने न्या. एकाने टॉर्च धरायची, दुसऱ्याने वाचायचं, तिसऱ्याने लिहायचं. लिहिताना जे दिसतं तेच लिहा. तुटलेल्या अक्षरापाशी टिंब द्या, अंदाज नको.

इंग्रजी येत असूनही माणसं कुठे अडतात ते सांगतो.

जुन्या शिळांवर "एस" हे अक्षर काही ठिकाणी "एफ"सारखं लांब काढलेलं असतं. शब्द विचित्र वाटला की "एफ"च्या जागी "एस" वाचून बघा.

"रायटर" म्हणजे लेखक नव्हे. गटातला कोणीतरी दरवेळी म्हणतो, "किती लेखक पुरलेत हो इथे!" रायटर म्हणजे कंपनीच्या नोकरीतला सगळ्यात खालचा कारकून. त्याच्यावर फॅक्टर, त्याच्यावर ज्युनिअर मर्चंट, मग सीनिअर मर्चंट. फॅक्टर म्हटलं की कारखाना डोळ्यांपुढे आणू नका; फॅक्टरी म्हणजे वखार. सुरतेची, राजापूरची वखार आपण शाळेत शिकलो, तीच.

"रेलिक्ट" म्हणजे विधवा. "कन्सॉर्ट" म्हणजे पत्नी. "ऑनरेबल कंपनी" किंवा नुसतं "एच. सी." म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. लॅटिन लेखात "ओबिट" म्हणजे वारला आणि "एटाटिस"च्या पुढचा आकडा म्हणजे वय. एवढ्या शब्दांवर बऱ्याच शिळा वाचून होतात.

तपासा: बाहेर पडण्याआधी प्रत्येकाच्या वहीत एक तरी पूर्ण नाव, वर्ष आणि वय आहे का? नसेल तर अजून दहा मिनिटं थांबा.

## ७. बाहेर, आणि सर्क्युलर रोडवरचा एक प्रश्न

गेटबाहेर आलात की समोरच्या बाजूला बघा. तिथेही दफनभूमी होती, नॉर्थ पार्क स्ट्रीटची. गेल्या शतकाच्या मध्यात ती मोडली आणि आता तिथे शाळा आणि इमारती आहेत. मोडलेली दफनभूमी कशी दिसते, तर अशी: काहीच दिसत नाही.

जेवून घ्या. मग मल्लिक बाजार चौकातून दक्षिणेकडे वळा. दहा मिनिटांत लोअर सर्क्युलर रोड सिमेट्री येते.

या रस्त्यावर बंगाली गाइड हमखास थांबतो, तुमच्याकडे बघून हसतो आणि विचारतो, "तुम्ही मराठी ना? मग ही वाट तुमचीच." १७४२मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि पुढे बुजवून त्याच्या मार्गावरून सर्क्युलर रोड गेला. बंगालात अजूनही बाळाला झोपवताना बर्गी आल्याचं गाणं म्हणतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर.

इथे आमच्या गटातले काही जण नेहमी भांडायला उठतात. नागपूरकर तर उठतातच. उठू नका. गावं जळली होती, आणि लोक ते विसरलेले नाहीत. "आम्हाला शाळेत हे शिकवलं नाही, तुम्ही सांगा" म्हटलं की गाइड खुलतो आणि पुस्तकात नसलेलं सांगतो.

## ८. लोअर सर्क्युलर रोड: इथे वागणं बदला

सकाळची जागा स्मारकांची होती. ही वापरातली आहे, १८४०पासून. इथे ताजी माती असते, ताजी फुलं असतात. गाइडला आवाज खाली आणायला सांगा, गटाचे दोन भाग करा, माणसं कबरीपाशी बसलेली दिसली तर वाट बदला. त्यांचा फोटो काढायचा नाही, लांबूनही नाही. अंत्यविधी सुरू असेल तर सहल तिथेच थांबवा आणि बाहेर चहा प्या. अर्ध्या तासाने बघू.

इथे तीनच थडगी.

बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त, मृत्यू २९ जून १८७३. पत्नी हेन्रिएटा तीनच दिवस आधी गेली. थडग्यावर त्यांचीच बंगाली कविता कोरलेली आहे. वाटसरूला ती सांगते, बंगालात जन्मला असशील तर क्षणभर थांब. बंगाली लिपी येत नसली तरी गाइडला सावकाश वाचायला लावा. पथिक, जन्म, क्षणकाल हे शब्द ऐकताच कळतात. भाषांतर नंतर विचारा.

ड्रिंकवॉटर बेथून, मृत्यू १८५१. १८४९मध्ये कोलकात्यात मुलींची शाळा काढणारा. भिडेवाड्यातली शाळा त्याच्या आदल्या वर्षाची, १८४८ची, हे गटातलं कोणीतरी सांगेलच.

आणि दीनबंधू अँड्र्यूज, गांधीजींचे आणि रवींद्रनाथांचे मित्र, मृत्यू १९४०. साधी कबर आहे. शोधताना दोनदा समोरून पुढे गेलो होतो.

## ९. दुसरा दिवस असेल तरच

स्कॉटिश सिमेट्री करया रोडवर आहे, लोअर सर्क्युलर रोडपासून पायी पंधरा-वीस मिनिटं. १८२०ची. झाडी दाट, वाटा कमी. ग्रॅनाइटच्या शिळांवर माणसाच्या नावाखाली त्याचं स्कॉटलंडमधलं गाव लिहिलेलं सापडतं. पहिल्या दिवसाच्या शेवटी "जवळच आहे ना" म्हणून तिथे गेलात तर थकलेले पाय आणि उतरलेला उजेड यांतून काही हाती लागत नाही. सकाळीच जा.

सेंट जॉन्स चर्च तर शहराच्या दुसऱ्या भागात आहे, डलहौसीकडे, म्हणजे आताच्या बिनय-बादल-दिनेश बागेजवळ. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जोब चार्नक याची अष्टकोनी समाधी आहे. तिची शिळा चेन्नईजवळच्या पल्लावरमच्या दगडाची. भूगर्भशास्त्रज्ञ थॉमस हॉलंडने या जातीच्या दगडाला चार्नकवरूनच चार्नोकाइट नाव दिलं. इथे एक चूक सगळे करतात: शिळेवर जानेवारी १६९२ वाचतात, पुस्तकात १६९३ बघतात आणि गाइडला खोटं पाडतात. तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जानेवारी त्यांच्या हिशेबाने जुन्या वर्षातच. १७५२नंतर हा घोळ संपला, म्हणून साउथ पार्क स्ट्रीटमध्ये तो आड येत नाही.

## १०. त्याच रात्री

हॉटेलवर आल्यावर झोपायच्या आधी फोटोंना नावं द्या. दुसऱ्या दिवशी सगळे पिरॅमिड सारखे दिसतात. वहीतली नावं आणि फोटो जुळवताना एखादं नाव अर्धंच वाचलं गेलंय असं लक्षात येतंच. गाडी दुपारची असेल तर सकाळी दहाला पुन्हा गेटवर जा. रखवालदार दादा ओळखतात.